चिचुंद्रीचा न घासलेला रुपया

नदीकाठच्या एका जंगलात एक चिचुंद्री राहत असे. मुलांनो, नाव ऐकूनच तुम्ही नाक मुरडलंत ना? तिथलेही सगळे मुरडत. तिच्या अंगाला वास येतो, म्हणून तिला कोणी शेजारी बसू देत नसे. तीही कोणाच्या विनवण्या करायला जात नसे. पण त्या वर्षी तिला एक गोष्ट हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. मागच्या पावसाळ्यात तिच्या बिळात पाणी शिरलं आणि दोन पिल्लं वाहून गेली. यंदा पुन्हा चार पिल्लं झाली होती, मृग तोंडावर आला होता आणि बीळ तेच होतं.

वडाच्या उंच मुळांत एका म्हाताऱ्या साळिंदराची कोरडी ठणठणीत ढोली होती. ते आता डोंगरावर आपल्या लेकीकडे राहायला निघालं होतं. या साळिंदराला जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्याने जंगलभर सांगून ठेवलं होतं, "मृगाआधीच्या बाजारात जो मला मनाजोगतं नाणं देईल, त्याची माझी ढोली." जंगलात नाणी कुठून आली म्हणाल, तर फार पूर्वी नदीची दरड कोसळून एक फुटका हंडा उघडा पडला होता. त्यातले राणीछाप चांदीचे रुपये ज्याला सापडले त्याने उचलून नेले. चिचुंद्रीच्या आजीलाही एक मिळाला होता. तिने तो सागाच्या वाळक्या पानात गुंडाळून एका ओंडक्याच्या फटीत ठेवला, आणि तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

चिचुंद्रीने पान उलगडलं, तेव्हा ती पाहतच राहिली. रुपया पांढरा राहिलाच नव्हता. मधोमध तो मधासारखा पिवळा झाला होता, पुढे तांबूस, आणि कडेला गर्द निळा. तिने तो उन्हात कलता केला, तर त्या रंगांखालून चमक फिरली. तिला तो फार आवडला. असा का आवडला, हे तिला सांगता आलं नसतं.

बाजार भरायचा ओढ्याकाठच्या कातळावर. तिथे एक रिवाज होता. चांदीची वस्तू कातळावर मांडायची, तर आधी ओढ्यावर बसलेल्या माकडाकडून चिंच आणि राख लावून ती घासून घ्यायची आणि त्याला ओंजळभर करवंदं द्यायची. त्या दिवशीही माकडापुढे रांग लागली होती. सगळ्यांत पुढे होता एक गलेलठ्ठ उंदीर. त्यालाही ढोली हवी होती. त्याचा रुपया माकडाने इतका घासला की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

"आण तुझाही," माकड चिचुंद्रीला म्हणालं. मग रुपया बघून ते खो खो हसलं. "हा तर तुझ्यासारखाच काळवंडला की गं. तुझा वास लागला बहुतेक त्याला."

"मला घासायचा नाही," चिचुंद्री म्हणाली.

"न घासलेली चांदी कातळावर ठेवत नाहीत. माझ्या आजोबांपासूनचा नेम आहे."

"नेम तुझ्या करवंदांसाठी आहे. माझा रुपया मी आहे तसाच मांडणार."

"चारचौघांत हसं होईल तुझं," उंदीर म्हणाला. "आणि ढोलीही जाईल. पोरांचा तरी विचार कर."

हे मात्र तिला लागलं. खरंच ढोली गेली तर? पिल्लांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि तिचा पाय क्षणभर ओढ्याकडे वळला. पण तिला उंदराचा आणि माकडाचा असा काही संताप आला की ती तशीच मागे फिरली, कातळावर चढली आणि उंदराच्या लखलखत्या रुपयाला खेटून आपला रुपया ठेवून बसली. आजूबाजूचे नाकं दाबून दूर सरकले. सरकू देत, ती मनात म्हणाली.

साळिंदर आलं. त्याने आधी उंदराचा रुपया उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि सुस्कारा सोडला. "राणीचे केस गेले. मुकुटावरचे दाणे गेले. सगळीकडे राखेचे ओरखडे. आता ही नुसती चांदी आहे रे."

मग त्याने चिचुंद्रीचा रुपया घेतला. तो उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला, वासही घेतला. माकड म्हणालं, "काळा आहे तो, आजोबा."

"काळं मीही ओळखतो. गंजून खड्डे पडलेलं नाणं मी दारातसुद्धा ठेवत नाही," साळिंदर म्हणालं. "आणि धुरावर धरून रंगवलेलंही मला कळतं. हे तसं नाही. दुधावर साय धरते तसा हा रंग धरलाय, आपोआप, वर्षानुवर्षं. याच्याखाली राणीचा केस न् केस शाबूत आहे. पोरी, ढोली तुझी."

उंदीर घाईघाईने म्हणाला, "मीही माझा पानात गुंडाळून ठेवतो की."

"ठेव. तुझ्या नातवंडांच्या वेळेला थोडा रंग धरेल," साळिंदर म्हणालं. "पण राणीला केस काही फुटायचे नाहीत."

चिचुंद्री पिल्लांना घेऊन निघाली. पहिल्या पिल्लाने आईची शेपटी तोंडात धरली, दुसऱ्याने पहिल्याची, अशी चौघांची माळ झाली. चिचुंद्री नेहमी कडेकडेने, आडोशाने चालते. तेवढ्यात माकड मागून म्हणालं, "अगं, एवढं चांगलं घर मिळालं. आता ओढ्यावर ये, तुझा वास तरी घासून काढतो."

चिचुंद्री थांबली. "मी जशी आहे तशीच राहायला जाणार आहे," ती म्हणाली. "ज्याला वास येतो, त्याने वाट सोडावी."

आणि चारही पिल्लांसकट ती भर बाजारातून, मधोमध चालत गेली. सगळ्यांनी वाट सोडली.

तात्पर्य : काळाने अंगावर चढवलेला रंग म्हणजे मळ नव्हे, चारजण हसतात म्हणून तो घासून टाकू नये, कारण त्याच्याबरोबर जे झिजतं ते पुन्हा मिळत नाही.