कोणीच चुकत नव्हते

एकदा एक तरुण डॉक्टर मोठ्या अभिमानाची वार्ता घेऊन आपल्या गुरूंना सामोरा गेला. गुरू वृद्ध होते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या दवाखान्यात चाळीस वर्षे त्यांनी अपस्माराच्या मुलांवर उपचार केले होते. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी ते शहरात गेले, तेव्हा चार महिने दवाखाना या शिष्याने एकट्याने सांभाळला. आता गुरुजी परतले होते.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "तुमच्या वेळी दहा पालकांतले चार तरी मुलांचं औषध चुकवायचे. आता एकही चुकवत नाही. सुरुवातीला काही जणांना मी सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं, की तेव्हापासून जो तो 'नियमित देतो' असंच सांगतो."

शिष्याचे बोलणे प्रामाणिक होते. तो हुशार होता, कष्टाळू होता आणि त्या मुलांवर त्याचा जीव होता. जीव लावणाऱ्या माणसाला आपल्या रागाचे फार कौतुक असते. आपण सगळेच आपापल्या घरच्यांना याचा अनुभव देतो.

गुरुजींनी एवढेच विचारले, "आणि मुलांच्या फिट थांबल्या?"

शिष्य अडखळला. "काहींच्या नाही थांबल्या. त्यांच्या औषधाची मात्रा मी वाढवली आहे."

गुरुजींचा चेहरा उतरला.

दुसरा दिवस मंगळवार, मुलांच्या तपासणीचा. त्या दिवशी गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. आपल्या खुर्चीकडे न जाता ते ओसरीवर पालकांच्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसले. "थोरले डॉक्टर, वर बसा की," असे लोक म्हणू लागले, पण ते हलले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा शिष्याने हसत विचारले, "गुरुजी, डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालता ना?"

"नाही. दोन दिवस राहिले."

"असू द्या. प्रवासात राहतं असं. आजपासून घाला."

"असू द्या कसं? मला रागाव. यांना रागावतोस तसा."

"तुम्हाला कसा रागावू, गुरुजी?"

"का? चुकलं ते चुकलंच. ओसरीवर बसलं की सगळं कानावर येतं. तू यांना काय काय म्हणतोस, ते सांगितलं मला लोकांनी. तेच मला म्हण."

शिष्याची मान खाली गेली. तेवढ्यात रांगेच्या शेवटी एक बाई उठून उभी राहिली. तिच्यासोबत मूल नव्हते. पदराआड तिने काहीतरी धरले होते.

शिष्याने तिला ओळखले. आठ वर्षांच्या सगुणाची ती आई. "सगुणा कुठे आहे? तिला का नाही आणलं?" सवयीने त्याच्या आवाजात धार आली.

"गेली ती, डाक्टर. मागल्या बुधवारी. वढ्यावर फिट आली. वीतभर पाणी होतं हो." तिने पदराआडची बाटली पुढे केली. "ही परत द्यायला आले. दुसऱ्या कुनाच्या लेकराला हुईल."

बाटली जवळजवळ भरलेली होती. शिष्य म्हणाला, "पण तुम्ही तर दर वेळी सांगत होता..."

"खोटं सांगत हुते. आता कुनापायी लपवू?" ती गुरुजींकडे वळली. "थोरले डाक्टर, औषध दिलं की पोर शाळंत बाकावरच झोपायची. मास्तर म्हनले, झोपायचंच तर घरी ठेवा. तिला तर शाळेचं लई याड. मग मी शाळेच्या दिवशी देईना, फकस्त ऐतवारी द्यायची. बाया सोळा सोमवार करत्यात, देव एका वारावर पावतो. म्हनलं, औषध बी पावंल. पयल्यांदा मी खरं सांगितलं, तर धाकटे डाक्टर समद्यांम्होरं म्हनले, 'तू आई आहेस का वैरीण?' परत न्हाई सांगितलं. मग त्यांनी औषध वाढवलं. पोर ऐतवारी दिवसभर उठंना. म्या भेले, आन् ऐतवारचं बी बंद केलं."

गुरुजी उठले. त्या बाईसमोर हात जोडून ते बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या नव्याने बऱ्या झालेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग त्यांनी तिला घरापर्यंत पोचवायला नर्सबाईंना सोबत दिले.

ती गेल्यावर शिष्य गुरुजींच्या मागोमाग आतल्या खोलीत आला. "गुरुजी, मी काय केलं हे?"

गुरुजी म्हणाले, "औषधाने मुलीला झोप येते, एवढं एक वाक्य तुझ्या कानावर आलं असतं, तर काय केलं असतंस?"

"मात्रा कमी केली असती. औषध बदललं असतं. मास्तरांना जाऊन भेटलो असतो." बोलता बोलता त्याला रडू कोसळले.

गुरुजींनी त्याला रडू दिले. मग ते म्हणाले, "म्हणजे उपाय तुझ्याजवळ होता आणि दुखणं तिच्याजवळ होतं. मध्ये तुझा राग उभा राहिला. अरे, ताप आला म्हणून आपण रोग्याला रागावतो का? औषध चुकतं, तेव्हा तेही लक्षणच समजायचं. कुठेतरी काहीतरी अडलंय, ते शोधायचं. हे औषध एक-दोनदा चुकलं तरी बऱ्याचदा काही बिघडत नाही, म्हणून आईबापांना धीर येतो. मग एक दिवस ओढा आडवा येतो. त्याआधी त्यांनी आपल्याकडे येऊन सांगावं, यासाठीच आपण इथे बसतो. तुला वाटलं, लोक सुधारले. ते नुसते घाबरले होते." थोडे थांबून ते म्हणाले, "यात माझाही दोष आहे. मी तुला औषधं शिकवली. ऐकून घेणं तुझं तुला येईल, असं मी गृहीत धरलं."

शिष्याने तोंड धुतले. बाहेर रांग अजून थांबलेली होती. पुढचा बाप आपल्या मुलाला घेऊन आत आला आणि कोणी काही विचारण्याआधीच म्हणाला, "नियमित देतो, डाक्टर."

शिष्याने हळू आवाजात विचारले, "गेल्या आठवड्यात कोणकोणत्या दिवशी राहिलं?"

बापाने एकदा त्याच्याकडे, एकदा गुरुजींकडे पाहिले. "तसं... समदेच दिवस राहिलं. शेळीनं बाटली लवंडली. दुसरी मागायला भ्या वाटलं."

"बरं झालं सांगितलंत. बसा."

त्या दिवशी सतरा पालक आले. अकरा जणांनी औषध चुकल्याचे सांगितले. कोणी बाटली वाटेत विसरले होते, कोणाच्या सासूने बंद करवले होते, कोणाला मूल बरे झाल्यासारखे वाटले होते. शिष्य प्रत्येकाला "बरं झालं सांगितलंत" म्हणाला. सगुणाच्या आईने तर पहिल्याच भेटीत खरे सांगितले होते.