चेअरमनसाहेबांचा ढेकर

दूध संघाचे चेअरमन संपतराव खराडे यांना आपली गाडी गावात शिरण्याआधी तिचा आवाज शिरावा असं वाटत होतं. म्हणून त्यांनी बाहेरून हेडर आणले. म्हणजे चार सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या, पुढं जाऊन एकीत मिळणाऱ्या. प्रश्न उरला ऑक्सिजन सेन्सर कुठं बसवायचा त्याचा. तो धूर हुंगतो आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं.

गॅरेजमध्ये बाबालाल मिस्त्री म्हणाले, "चारी नळ्या मिळतात तिथं बसवूया, साहेब. तेवढी सेन्सरची तार वाढवावी लागंल."

"कंपनीच्या तारेला हात लावायचा नाही!" साहेब गरजले. "पहिल्या नळीपर्यंत पोचतीय न्हवं? तिथंच बसवा. एकीचा धूर तोच चौघींचा!"

"अगदी बरोबर, साहेब!" सोबतचे तिघे एका सुरात म्हणाले. साहेब चुकतात, ही बातमी त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

तेवढ्यात खानावळीतून त्या तिघांसाठी मटणाचे डबे आले. बाबालालनी हात पुसून अदबीनं विचारलं, "साहेब, भूक लागलीय?"

साहेब पाहुण्यांकडं तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आले होते. त्यांनी दणदणीत ढेकर दिला. "छे! गळ्यापर्यंत भरलंय."

बाबालाल डबेवाल्याकडं वळले. "जा घेऊन परत. एक पोट तपासलं, चारी भरलीत."

डबे खरंच दाराबाहेर निघाले, तसे सकाळपासून उपाशी असलेले तिघे पहिल्यांदाच साहेबांवर ओरडले, "साहेब, तार वाढवा!"