टिटवीची चव्वेचाळीस मते

"मोजणी सावलीत झाली. ती मला मान्य नाही," टिटवी म्हणाली.

"सावलीत दगड कमी होतात का गं?" सायाळीने विचारले.

"कमी होत नाहीत, दिसत नाहीत. आजीची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, हे सगळ्या रानाला ठाऊक आहे. पण बोलायचं कुणी? तर टिटवीनं. वाईट कुणी व्हायचं? तेही टिटवीनंच."

ही आजी म्हणजे म्हातारी कासवीण. रानातली सगळी मोजणी तीच करायची. टिटवीचे बोल ऐकून तिने मान पाठीखाली ओढून घेतली.

ओढ्याकाठच्या त्या रानात सकाळपासून हे भांडण चालले होते. सरपंचाची निवडणूक झाली होती. उभ्या होत्या दोघीच, टिटवी आणि साळुंकी. साळुंकीला त्रेचाळीस मते पडली, टिटवीला चाळीस. तीन मतांनी टिटवी पडली, आणि तेव्हापासून तिची चोच काही मिटली नव्हती.

मुलांनो, दगडांनी मत द्यायची ही रीत त्या रानात पहिल्यापासून नव्हती. अगदी जुन्या काळी ज्याचा आवाज मोठा तो सरपंच. त्यामुळे पाच पिढ्या कोल्ह्यांनी कारभार केला. मग एका वर्षी या टिटवीच्या पणजीने असा टाहो फोडला की कोल्हेकुई त्यात बुडून गेली, आणि पणजीबाई सरपंच झाल्या. पण ओरडून निवडून आलेला सरपंच निवडून आल्यावरही ओरडतच राहतो, हे रानाच्या लवकरच लक्षात आले. मग रांगा आल्या. ज्याला निवडायचे त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. त्या वर्षी सारे ससे हरणाच्या मागे उभे राहिले, आणि लांडगा समोरच्या खडकावर बसून कोण कुठे उभे आहे ते नीट बघत होता. पुढच्या निवडणुकीला हरणामागे एकही ससा दिसला नाही. काही घाबरून आले नाहीत, आणि काही यायला उरलेच नव्हते. मग ज्वारीचे दाणे टाकून पाहिले. एका दुपारी मुंग्यांनी अख्खा निकाल वारुळात नेला.

शेवटी दगड ठरले. दगड कुणी खात नाही. करवंदीच्या जाळीमागे दोन खड्डे करायचे, एकेकाने आत जायचे, आणि चोचीत धरून किंवा खुराने ढकलत आणलेला एकच गोटा हव्या त्या खड्ड्यात टाकायचा. कुणी कुणाला मत दिले ते कुणालाच कळत नाही. मोजायचे कासविणीने, कारण तिला कुणी घाई करू शकत नाही. आणि निकाल लागला की त्याच घटकेला म्हशीने सगळे दगड डोहात लोटायचे. हा शेवटचा नियम टिटवीच्या आजीने भांडून करून घेतला होता. ती म्हणायची, "दगड काठावर ठेवले तर हरलेला वर्षभर तेच मोजत बसेल."

आता नातीला तो नियम नको होता. म्हैस डोहाकडे निघाली तेव्हा तिनेच आडवे येऊन तिला थांबवले होते.

टिटवी सावलीबद्दल बोलत होती, पण तिचे पोट दुखत होते साळुंकीमुळे. साळुंकी या रानात आली त्याला जेमतेम दोन पावसाळे झाले. दिवसभर म्हशीच्या पाठीवर बसून हिंडायचे, तिच्या अंगावरच्या गोचिड्या वेचायच्या, आणि जाता जाता ज्याला त्याला विचारायचे, "काय सायाळबाई, धाकटीचा पाय बरा आहे ना आता?" एवढ्यावर त्रेचाळीस मते. त्या पिवळ्या डोळ्यांत बघून रान भुलले कसे, हे टिटवीला कळत नव्हते. तिने ओढ्यात आपले तोंड बघितले. डोळे तर तिचेही काही वाईट नव्हते.

"सात वर्षं मी या रानाचा पहारा करते आहे," ती म्हणाली. "बिबट्या आला, मी ओरडले. वणवा आला, मी ओरडले."

"पान हललं, तू ओरडलीस," सायाळ म्हणाली, आणि सगळे हसले.

साळुंकी हसली नाही. ती म्हशीच्या पाठीवरून नरम आवाजात म्हणाली, "होऊ द्या की परत मोजणी. ताईंच्या मनात किंतू राहायला नको. त्या सांगतील तिथे मोजा."

"बघा, किती समजूतदार," कुणीतरी म्हणाले.

टिटवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजणी मागितली तिने, आणि समजूतदार ठरली साळुंकी.

"वाळूवर मोजा," टिटवीने फर्मावले. "तिथे दुसरा खडासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांदेखत, उजेडात."

वाळूच सांगायला तिचे एक कारण होते, आणि ते तिने कुणाला सांगितले नव्हते. टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या वाळूत एक उथळ खळगी करते आणि तिथेच अंडी घालते. रंग ओढ्यातल्या गोट्यांसारखा, करडा, वर काळे शिंतोडे. त्या दिवशी तिच्या खळगीत अशी चार अंडी होती. गेल्या वर्षीची सापाने खाल्ली होती. ही चार आज-उद्या फुटणार होती. काल तर पोटाखाली तिला आतून टोचा लागलेला जाणवला होता. त्यांच्यापासून फार वेळ दूर राहायची तिची तयारी नव्हती, आणि साळुंकीला जिंकू द्यायचीही नव्हती. ती खळगीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आणा दगड इथे."

म्हशीने नाकाडाने दोन्ही ढीग ढकलत वाळूवर आणले. साळुंकीचा ढीग लांब ठेवला. टिटवीचा आणता आणता पसरला, आणि त्यातले काही गोटे घरंगळत थेट तिच्या पायाशी आले. सगळे गोल करून उभे राहिले. कासवीण एकेका दगडाला नाक लावत साळुंकीचा ढीग मोजू लागली. मोजून झाला, पुन्हा त्रेचाळीसच. मग ती टिटवीच्या ढिगाकडे वळली.

ऊन चढले होते. साळुंकी म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला उन्हात बसता? या इकडे म्हशीच्या सावलीत. निकाल काय तो मी सांगते तुम्हाला."

"तू मला सांगणार?" टिटवी उठली. अंड्यांवरून उठली आणि तरातरा म्हशीसमोर जाऊन उभी राहिली. "काल आलेली तू. या ओढ्याला पाणी किती महिने असतं ते तरी माहीत आहे का तुला? गोचिड्या खाऊन मतं मिळवलीस, आणि आता मला सावली दाखवतेस?"

"ताई, मी आपलं काळजीनं म्हटलं."

"तुझी काळजी तुझ्यापाशी ठेव."

मागे कासविणीचा आवाज संथ चालला होता. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. टिटवीने मनातल्या मनात दात खाल्ले असते, पण तिला दात नव्हते. आता आवाज थांबेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो थांबला नाही.

"एक्केचाळीस," कासवीण म्हणाली.

टिटवीने वळून पाहिले. कासविणीचे नाक खळगीवर होते. टिटवी इतका वेळ आपल्या मतांवरच बसली होती, अशी त्या म्हातारीची समजूत झाली होती.

"बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस."

टिटवीने चोच उघडली. तेवढ्यात तिची नजर साळुंकीवर गेली. साळुंकीचे पंख सैल पडले होते, मान खाली गेली होती, आणि ते पिवळे डोळे पहिल्यांदाच कुणाकडे न बघता नुसते म्हशीच्या पाठीकडे बघत होते. किती दिवस टिटवीला हे बघायचे होते. टिटवी त्या क्षणी अंडी विसरली असे मी सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल, पण खोटे कशाला सांगू? ती विसरली नव्हती. चारही अंडी तिला नीट आठवत होती, आणि तरी तिने चोच मिटली.

"सकाळी मी चाळीस म्हणाले," कासवीण हळूहळू म्हणाली. "आता चव्वेचाळीस भरले. चूक माझी आहे. इतकी वर्षं मोजलं, कधी एक दगड इकडचा तिकडे झाला नव्हता. पुढच्या खेपेला दुसरं कुणी बघा."

टिटवीने वाळूकडे बघितले. थोडा वेळ कळ काढू, तिने मनाशी म्हटले. सगळे पाणी प्यायला जातील, आणि मी सरपंच होऊन माझ्या अंड्यांवर बसेन.

साळुंकी पाठीवरून खाली उतरली आणि तिच्यासमोर आली. "ताई, तुमचाच हक्क होता. तुमचा पहारा आम्ही विसरलो होतो, हे खरं आहे."

"हरली, पण बोलली कशी बघा," सायाळ म्हणाली. "मन मोठं लागतं त्याला." आणि सगळे साळुंकीभोवती जमले. निवडून आलेली टिटवी एका बाजूला एकटीच उभी राहिली. सरपंचपद मिळाले तरी कौतुक त्या दुसरीचेच. पोटातले दुखणे होते तिथेच राहिले.

"चला, दगड डोहात," म्हैस म्हणाली.

"आज राहू द्या," टिटवी घाईने म्हणाली. "ऊन फार आहे. संध्याकाळी लोटा."

"निकाल लागला की लगेच लोटायचे असतात."

"मी सरपंच आहे. मी सांगते आहे."

"आणि नियम तुझ्याच आजीचा आहे," सायाळ म्हणाली. "तिनं केलेलं तू मोडणार का?"

म्हशीने डोके खाली घातले आणि साळुंकीचे दगड लोटले. त्रेचाळीस दगड एकापाठोपाठ एक डोहात गेले. डोह तिथे दोन म्हशी बुडतील एवढा खोल होता. पाणी हलले, स्थिर झाले, आणि म्हैस दुसऱ्या ढिगाकडे वळली.

टिटवी धावली. तिने म्हशीसमोर दोन्ही पंख पसरले आणि जीव तोडून ओरडायला सुरुवात केली. ती ओरडली, उडाली, म्हशीच्या डोळ्यांवर झेपावली, परत खाली आली, परत ओरडली. कुणी मान वर करूनसुद्धा बघितले नाही. टिटवी ओरडते हे रानाला नवे नव्हते.

"बाजूला हो गं बाई," म्हैस म्हणाली. "हरलीस तेव्हा ओरडत होतीस. आता जिंकलीस ना?"

"तिची सवय आहे ती," सायाळ म्हणाली. "तू लोट आपली."

पहिले पाच-सहा गोटे घरंगळले. म्हशीचे नाकाड खळगीपासून वीतभर अंतरावर आले. एका अंड्याला गोटा लागला आणि ते थोडे कलले. टिटवीने साळुंकीकडे बघितले. कासविणीकडे बघितले. मग ती पंख मिटून म्हशीच्या नाकाडाखाली, आपल्या खळगीवर जाऊन बसली, आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "थांब, मला चाळीसच मतं पडली आहेत, ही चार माझी अंडी आहेत."

तात्पर्य : दुसरीची मते पुन्हा पुन्हा मोजण्याआधी आपली अंडी जपावीत, आणि 'मी हरले' हे म्हणायला जितका उशीर करावा, तितके ते म्हणणे महाग पडत जाते.