तीन तोळे शिसं

एका बंदरात कागदाची जहाजं करणारी एक बाई राहत होती. तिचं नाव सारजा.

तिची जहाजं खेळण्यातली नव्हती. त्या बंदराची रीतच अशी होती, की खरं जहाज बांधायचं तर आधी त्याचं कागदी जहाज करायचं. जाड कागदाचे थर खळीनं एकावर एक चिकटवायचे, आत बांबूच्या कामट्यांच्या बरगड्या बसवायच्या, शिवणाच्या दोऱ्याचे दोर ताणायचे आणि सगळ्यावरून मेणाचा हात फिरवायचा, म्हणजे ते पाण्यात टिकतं. माप ठरलेलं होतं. हाताला बोट. एका हाताची बोटं चोवीस, म्हणजे छत्तीस हात लांबीचं जहाज हवं असेल तर छत्तीस बोटांचं कागदी जहाज करायचं. खऱ्या जहाजात जे जड सामान असेल, ते याही जहाजात त्याच मापानं, त्याच जागी ठेवायचं. मग ते देवळाच्या तळ्यात सोडायचं. तिथं ते सरळ उभं राहिलं, की सुतार त्याला दोरी लावून मापं घेत आणि मगच सागवानाला करवत लागे.

हे काम आधी तिचे सासरे धाकोजी मेस्त्री करत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तशी त्यांनी कात्री सुनेच्या हातात दिली.

"मामंजी, मला जमेल का?" सारजानं विचारलं होतं.

"पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडला होता," धाकोजी म्हणाले. "दुसऱ्या वर्षी पडला नाही, आणि त्याच वर्षी एक जहाज वाया घालवलं."

सारजाला प्रश्न रोज पडत. प्रत्येक कामटी ती तीनदा मोजायची आणि चौथ्यांदा मोजायला उठायची. खळ दाट झाली का, बयोचं अंग गरम तर नाही ना, चुलीवरचं दूध उतू तर गेलं नाही ना, या तिन्ही काळज्या ती एकाच वेळी करू शकायची. बयो ही तिची तीन वर्षांची मुलगी. नवरा खलाशी, वर्षातले आठ महिने दर्यावर. त्यामुळे घरातली काळजी वाटून घ्यायलाही कुणी नव्हतं. पण इतकं मोजून मापून झाल्यावर तिच्या हातून जे जहाज उतरायचं, ते पाहून जुने सुतारही मान डोलवायचे. आपल्याला हे बरं जमतं, असं हळूहळू सारजालाही वाटू लागलं होतं.

एक दिवस बंदरातले सगळ्यांत मोठे व्यापारी बाबलशेट तिच्या ओसरीवर आले. त्यांना छत्तीस हातांचं नवं जहाज हवं होतं. त्यावर बावीस माणसं जाणार होती आणि त्यांचा म्होरक्या होता जानू तांडेल. तोही बरोबर आला होता.

"वहिनी, एक करा," जानू म्हणाला. "चूल आणि पाण्याची टाकी जवळजवळ ठेवा. जुन्या जहाजावर टाकी पुढं आणि चूल मागं. हलत्या जहाजात हंडा घेऊन चालताना आमचा भंडारी रोज एकदा आंघोळ करायचा."

सारजाला हसू आलं आणि पटलंही. स्वयंपाक करणाराची पायपीट तिला सांगायला नको होती. तिनं दगडी चूल आणि पाण्याची टाकी दोन्ही डाव्या अंगाला शेजारीशेजारी बसवली. जानू खूश झाला. शेट म्हणाले, "हे आजवर कुणा बाप्याला सुचलं नव्हतं."

सारजा त्या वाक्यावर आठ दिवस तरंगत होती.

जहाज मात्र सरळ तरंगलं नाही. तळ्यावरच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी तिनं ते घरच्या घंगाळात सोडून पाहिलं. टाकीत पाणी भरलं, चुलीच्या जागी मातीच्या गोळ्या चिकटवल्या, आणि जहाज डावीकडे कललं. फार नाही. पाहुण्याचं बोलणं ऐकायला कुणी मान कलती करावी, तेवढंच. पण कललं.

आता सगळं उचकटून पुन्हा करायचं तर आठ दिवस लागतील, असं तिला वाटलं, आणि परीक्षा उद्यावर आली होती. तळ्यावर सगळं बंदर जमणार होतं. नरसू सुतारही येणार होता. धाकोजींच्या मागे हे काम आपल्याला मिळावं म्हणून तो टपून होता, आणि बाईच्या हातात कात्री दिली म्हणून म्हाताऱ्याला येताजाता टोमणे मारत होता.

सारजाचं लक्ष खुंटीवरच्या जुन्या जाळ्याकडे गेलं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या होत्या. तिनं दोन सोडवल्या आणि तागडीत टाकल्या. तीन तोळे भरल्या. उजव्या अंगाला, फळ्यांच्या खाली, खळीनं तिनं त्या चिकटवल्या. जहाज ताठ झालं.

हाताला बोट, असा तिनं हिशेब केला. चोवीस पट. तीन तोळ्यांचे खऱ्या जहाजात बहात्तर तोळे. म्हणजे ऐंशी तोळ्यांचा धड एक शेरसुद्धा नाही. बावीस माणसांच्या जहाजात शेरभर वजन म्हणजे काय, कुणी उजव्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला तरी भागेल.

दुसऱ्या दिवशी तळ्यात जहाज असं ताठ उभं राहिलं, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेटनी सारजाला जरीकाठी लुगडं दिलं. नरसू निघून गेला. कण्याचं लाकूड मांडायचा मुहूर्त पाच दिवसांवर ठरला. जहाजाचा कणा म्हणजे तळातलं ते लांब लाकूड, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं. एकदा तो बसला, की फेरफार नाही.

मधल्या दिवसांत उरलेल्या कागदाची एक पेटी करून सारजानं बयोला दिली. चार बोटं लांब, चार रुंद, चार उंच. बयोनं ती चुरमुऱ्यांनी भरली, रिकामी केली आणि फर्मावलं, "आता मोठी. दुप्पट."

दुप्पट हा शब्द ती आजोबांकडून शिकली होती. सारजानं आठ बोटांची पेटी करून दिली, लांबी, रुंदी, उंची, सगळं दुप्पट. बयो लहान पेटीनं मोठी पेटी भरू लागली. तिला तीनपर्यंतच मोजता येत होतं.

"एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. एक, दोन. आई, भरली."

सारजा खळ ढवळत होती. तिचा हात थांबला.

"किती पेट्या लागल्या, बयो?"

"खूप."

सारजानं ती पेटी ओतली आणि स्वतः भरून पाहिली. दुप्पट पेटीत दोन पेट्या नव्हत्या मावल्या. आठ मावल्या होत्या. दुप्पट लांब, त्यात दुप्पट रुंद, त्यात पुन्हा दुप्पट उंच. तिनं कोळशाचा तुकडा घेतला आणि जमिनीवरच आकडे मांडले. तीन तोळ्यांचे चोवीस पट बहात्तर, हे तिनं केलं होतं. त्याचे पुन्हा चोवीस पट, आणि त्याचेही पुन्हा चोवीस पट, हे राहिलं होतं. तिनं तीनदा मांडलं, चौथ्यांदा मांडलं. उत्तर तेच आलं. चाळीस शेरांच्या मणानं तेरा मण, जेमतेम दीड शेर कमी.

ती शेरभर चूक समजत होती. खऱ्या जहाजावर ती तेरा मणांची होती, आणि बाजूनं वारा आला तर जहाज उलटायला तेवढी पुरे होती.

सगळ्यात आधी तिला जे सुचलं, ते भलेपणाचं नव्हतं. जानूच्या कानात सांगावं, की उजव्या बाजूला तेरा मण धोंडे भरून ने, कारण विचारू नकोस. ती पदर खोचून उठलीही. उंबऱ्याशी येऊन थबकली. टाकीतलं पाणी रोज कमी होणार. धोंडे रोज तेवढेच राहणार. पाणी संपत आलं, की तेच धोंडे जहाजाला उजवीकडे ओढतील. म्हणजे जाताना सरळ आणि येताना कललेलं.

ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं, शिशासकट.

"माझं नाव जाईल, हे तुला कळतंय ना?" धाकोजींनी विचारलं.

"कळतंय, मामंजी."

"मग मला काय विचारायला आलीस?"

"विचारायला नाही आले. तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आले."

म्हाताऱ्यानं चाचपडत काठी शोधली. "मुहूर्ताला मला हात धरून ने," ते म्हणाले. "आणि जहाज तूच उचल. मला दिसत नाही, पायात येईल."

मुहूर्ताच्या सकाळी किनाऱ्यावर सागवानाचा कणा हळदकुंकू लावून तयार होता. बाबलशेटच्या हातात नारळ होता. सारजा कागदी जहाज, घडी केलेलं लुगडं आणि म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन गर्दीतून पुढे आली. मागून बयो पदराला धरून होती.

"शेट, नारळ जरा थांबवा," ती म्हणाली. "आणि कुणीतरी घंगाळ आणा."

"मुहूर्त टळेल, सारजाबाई."

"टळू दे. जहाज कलंडायला नको."

घंगाळ आलं. तिनं जहाज पाण्यात सोडलं, टाकी भरली. जहाज ताठ उभं राहिलं. मग तिनं उजव्या बाजूची फळी नखानं उचकटली, शिशाच्या दोन गोळ्या काढल्या आणि शेटच्या तळहातावर ठेवल्या. जहाज सगळ्यांच्या देखत डावीकडे कललं.

मग नरसू सुतार बोलला. "मी म्हटलंच होतं. चूल बघणाराला चूल द्यावी, जहाज देऊ नये."

"तू मला फसवलंस?" शेटनी विचारलं.

"हो. तुम्हाला फसवलं, आणि स्वतःलाही. मला वाटलं शेरभराची गोष्ट आहे. तेरा मणांची निघाली." तिनं लुगडं त्यांच्यापुढे ठेवलं. "हे सरळ तरंगलेल्या जहाजासाठी होतं. ते सरळ तरंगलं नव्हतं."

शेटचा चेहरा लाल झाला होता. "किती लाकूड वाया गेलं, याचा काही अंदाज?"

"आहे. अजून एक ढलपीसुद्धा नाही. कागद गेला. तो माझा."

शेट यावर काही बोलण्याआधी जानू तांडेल पुढे झाला. तो घंगाळाशी उकिडवा बसला आणि कललेल्या जहाजाकडे पाहत राहिला. "वहिनी, हे दुरुस्त होतंय का?"

इथं मात्र सारजाला प्रश्न पडला नाही. तिनं कमरेची कात्री काढली. टाकी कापून काढली, चूल कापून काढली. टाकी डाव्या अंगावरून उचलून बरोबर मधोमध, कण्याच्या रेषेवर बसवली आणि चूल तिच्या मागे, तीही मधोमध. "आता पाणी भरलेलं असो की संपलेलं, जहाज कुठंच ओढलं जाणार नाही. आणि तुमच्या भंडाऱ्याला पाणी अजूनही हाताशी."

जहाज पुन्हा पाण्यात गेलं. टाकी भरून पाहिली, मग रिकामी करून पाहिली. दोन्ही वेळा ते ताठ उभं होतं.

"उलटं करून दाखव," शेट म्हणाले.

तिनं जहाज उचलून तळहातावर उलटं केलं आणि थोपटलं. त्यातून एक चुरमुरा पडला. बयोनं तो उचलून खाल्ला.

शेटनी धाकोजींकडे पाहिलं. "मेस्त्री, तुम्ही काय म्हणता?"

"मला दिसत नाही, शेट. मी ऐकतो फक्त. पाच दिवसांपूर्वी टाळ्या ऐकल्या, आज हे ऐकलं. तुम्हाला कुणाच्या मापावर माणसं पाठवायची, ते तुम्ही ठरवा."

"मी ठरवतो," जानू म्हणाला. "जायचं आम्हाला आहे. हिच्या मापावर जाईन."

शेटनी नारळ फोडला. लुगडं मात्र त्यांनी परत दिलं नाही. ते व्यापारी होते, आणि सारजालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवसापासून बंदरात नवी रीत पडली. कागदी जहाज तळ्यात सोडण्याआधी करणाऱ्यानं ते सगळ्यांसमोर उलटं करून थोपटायचं. नरसू सुतारानंही दुसऱ्या एका व्यापाऱ्यासाठी कागदी जहाज केलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात त्याची परीक्षा होती. खळ अजून वाळली नाही, असं सांगून त्यानं ती दहा दिवस पुढे ढकलली.

वर्षभरानं बाबलशेटचं जहाज पाण्यात उतरलं. टाकी काठोकाठ भरलेली, चुलीवर पहिला भात शिजत होता, बावीस माणसं कठड्याशी उभी होती. सारजा बयोला कडेवर घेऊन किनाऱ्यावरून पाहत होती. जहाज कललेलं होतं. फार नाही, थोडंसं, पण कललेलंच. तिनं डोळे चोळून पाहिलं, तरी तसंच. आजूबाजूचे लोक तर आनंदानं ओरडत होते. त्यांना दिसत कसं नाही, तिला कळेना.

"आई, मला खाली सोड," बयो म्हणाली.

सारजानं तिला खाली ठेवलं आणि स्वतः सरळ उभी राहिली. जहाजही सरळ उभं होतं.

तात्पर्य: चूक ध्यानात आली की ती लहान असतानाच चारचौघांत सांगून सुधारावी. लपवलेली चूक कामाबरोबर वाढत जाते, आणि आपण धरलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाढते.