कूस पालटणारी देवकाई

वेळूखेडच्या नदीवर पूल नव्हता आणि आसपास कुठे दवाखानाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात देवका नावाची बाई राहायची. तिचा नवरा आंबे उतरवताना झाडावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. देवकाने त्याला उन्हापासून जपलं, वाऱ्यापासून जपलं, गोधडीवरून जागचं हलू दिलं नाही. आणि तिथंच चुकलं. एकाच अंगावर पडून पडून त्याची पाठ चिघळली, जखम हाडापर्यंत गेली आणि तो गेला. त्याला शेवटचं न्हाऊ घालताना तिला कळलं, की पडून राहिलेल्या माणसाचं अंग त्याच्याच वजनाखाली मरतं.

मग ती घरोघर जाऊ लागली. कोणी अंथरुणाला खिळलं की देवका न बोलावता हजर. रोग्याला कुशीवर वळवायची, पाठ कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, परत येऊन दुसऱ्या कुशीवर वळवायची. तिचा हात लागला की कण्हणारं माणूस शांत झोपायचं, असं म्हणतात. पटकीच्या साथीत ती एकाच वेळी तीन घरांत दिसली, असंही म्हणतात. गाव तिला देवकाई म्हणू लागलं.

वय झालं तशी ती पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, "माझे हात थकले गं. दोघीतिघी माझ्यासंगं या. बघा, शिका."

"तू हायेस की, देवकाई," बायका म्हणायच्या, आणि हंडे भरून निघून जायच्या.

एकीला मात्र शिकायचं होतं. गोदू, सुताराची नवी सून. देवकाई शेजारच्या घरी रोग्याकडे आली की गोदू त्या घराच्या दारात उभी राहून बघायची. एकदा ती उंबरा ओलांडून आत गेली, तर सासूने हाताला धरून मागे ओढलं. "लोकांची घाण काढायला आमची सून रिकामी न्हाई," सासू म्हणाली. गोदूने मान खाली घातली. तेव्हा तोंडातून एक शब्द काढायला हवा होता, असं ती पुढे जन्मभर म्हणत राहिली.

मग एका पावसाळ्यात देवकाईच्याच अंगावरून वारं गेलं. सगळं गाव लोटलं. दूध आलं, केळी आली, कोणी तिच्या पायांवर फुलं वाहिली. माणसं हात जोडून बसली आणि भजनं म्हणाली. देवकाई खाटेवर उताणी पडली होती, ती तशीच पडून राहिली. अशा देवमाणसाच्या अंगाला आपण हात कसा लावायचा, असं लोक म्हणाले. खरं तर कोणाला येतही नव्हतं.

सासूची नजर चुकवून गोदू आली, तोवर फार उशीर झाला होता. खोलीत उदबत्तीचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास. गोदूने देवकाईचा दंड धरून ओढलं. देवकाई कळवळली.

"आई, चुकलं का माझं?"

देवकाईची जीभ जड झाली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आधी... गुडघा."

गोदूने गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागे घातला, एक कमरेमागे, आणि तिला अलगद आपल्याकडे वळवलं. मग तिने पाठ बघितली.

"लई खोल हाय का?"

"न्हाई, आई."

देवकाईला खोटं कळलं. "पूस," ती म्हणाली. "आन् कोरडं कर."

जगली तेवढे दिवस ती आपल्याच अंगावर गोदूला शिकवत राहिली. पण जखम भरायची वेळ निघून गेली होती. ती गेली तेव्हा दांडग्या गड्यांनाही तिरडी हलेना, असं म्हणतात. शेवटी गोदूने पुढे होऊन खाली हात घातले, पाणवठ्यावरच्या बायकांना हाका मारल्या, आणि त्यांच्या हातांवर तिरडी फुलांच्या परडीसारखी उचलली गेली.

पुढे गोदूची सासूही खाटेला खिळली. तिच्या पाठीवर शेवटपर्यंत एक ओरखडा उठला नाही. मग लोक गोदूला बोलावू लागले. "तुमच्या घरातलं कोणीतरी माझ्यासंगं उभं ऱ्हाऊन शिकत असंल, तरच येईन," ती सांगायची. तिच्या हाताखाली कितीतरी जणी तयार झाल्या. पण कोणी नावाजलं की ती "एक पाठ ऱ्हायली माझ्या हातून," एवढंच म्हणायची.

वेळूखेडला देवकाईचं देऊळ नाही. बांधायचं घाटत होतं, गोदूने बांधू दिलं नाही. भाताची मळणी उरकली की चावडीपुढे खाट टाकतात. कोणीतरी त्यावर अंग सैल सोडून पडतं, आणि सुना, पोरं, बाप्ये, सगळे आळीपाळीने त्याला कुशीवर वळवायला शिकतात. शहरात नर्सिंग शिकणाऱ्या मुली त्या दिवशी मुद्दाम येतात. नवीन काही शिकल्या असतील ते दाखवतात, जुनं काही चुकीचं ठरलं असेल तर तेही सांगतात. खाटेला हार घालत नाहीत. देवकाईचं नाव निघालं की बाहेरगावचा पाहुणा सवयीने हात जोडतो. तेव्हा गावातलं कोणीतरी ते हात हळूच सोडवतं आणि त्याला खाटेपाशी नेतं.