दिवाणांना सांगितलेली वाट

कळमगडाच्या हेरखात्यात सगुणा नावाची चिटणीस होती. हेरांची पत्रं वाचायची आणि रसदीच्या वाटा ठरवायची. लेकराला दात येत होते, त्यामुळे महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात गनिमाने तीनदा रसद लुटली.

भानजी दिवाण मिशीला पीळ देत दरबारात म्हणाले, "महाराज, बायकांच्या पोटात काही राहत नाही. हिला काढा!"

महाराज म्हणाले, "बाई, आठ दिवसांत फितूर दाखव, नाहीतर लेकरू घेऊन गड उतर."

बाळाला चोरून खाऊ कोण देतं, हे सगुणा घरी एका युक्तीने शोधायची. सासूजवळ गूळ ठेवायची, जावेजवळ खारीक, आणि मग बाळाच्या तोंडाला काय लागलंय ते बघायची. इथेही तिने तेच केलं. सेनापतींच्या कानात देवखिंड सांगितली, किल्लेदारांच्या कानात पाणघाट, दिवाणांच्या कानात करवंदीची वाट. रसद चौथ्याच वाटेने निघाली. आपलं चुकलं तर, या धास्तीने ती रात्रभर जागीच राहिली. तशी बाळानेही झोपू दिलं नसतंच.

रसद सुखरूप आली. गनीम मात्र दोन दिवस करवंदीच्या काट्यांत दबा धरून बसला होता, असं हेरांनी कळवलं.

सगुणाने ते पत्र दरबारात वाचलं आणि कुणाला कुठली वाट सांगितली तेही सांगितलं, तसे दिवाण पांढरे पडले. "मी फितूर नाही, महाराज! जेवताना मेहुण्याला सहज बोललो, एवढंच."

"खरं असेल," सगुणा जांभई दाबत म्हणाली. "पण महाराज, माझ्या पोटात चार वाटा राहिल्या. यांच्या पोटात एक राहिली नाही."

महाराज हसले. "काय हवं ते माग, बाई."

"एक दुपार झोप, महाराज. तेवढा वेळ बाळाला दिवाणजी सांभाळतील. त्याच्याजवळ ते काहीही बोलले तरी चालतं, बाळ कुणाला सांगत नाही."