काळ्या मोटारीतला अर्थ

माजी नगराध्यक्ष आबासाहेब दुर्गुळे यांची जुनी काळी मोटार मनात आलं तर सुरू व्हायची, नाहीतर नुसती टक्क करून गप्प बसायची. मग आळीतले आम्ही चौघे ती ढकलायचो आणि आबासाहेब आत बसून आम्हाला भाषण द्यायचे. बॅटरी नवी झाली, स्टार्टर नवा झाला, खांदे मात्र आमचेच राहिले.

यासीन मेस्त्री एकदा म्हणाला होता, "साहेब, आधी अर्थ बघू या. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाते ना, ती तार."

"मला अर्थ शिकवतोस?" म्हणत आबासाहेबांनी त्याला हाकललं.

परवा मुलींच्या शाळेत इंदुमतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, प्रमुख पाहुण्या होत्या. आयुष्यातलं पहिलंच भाषण, आणि नेमकी गाडी टक्क!

आबासाहेब म्हणाले, "आता उशीर झालाच आहे. तू गडबडशील. तुझ्याऐवजी दोन शब्द मीच बोलतो."

त्यांचे दोन शब्द तासभर चालत. काकूंनी कपाळाला हात लावला, बॉनेट उघडलं, यासीनने सांगितलेली ती तार सोडवली, गंज घासला आणि पान्याने घट्ट आवळली. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

"काय बिघडलं होतं?" आबासाहेबांनी विचारलं.

"अहो, हॉर्न जोरात वाजायचा, दिवे झगमगायचे, पण गाडी जागची हलायची नाही. आत अर्थच नव्हता!" काकू स्टिअरिंगवर बसत म्हणाल्या. "म्हणून आज मीच बोलणार. तुम्ही मागे बसा."

आम्ही चौघांनी लगबगीने मागचं दार उघडून धरलं.